एका फटक्याचा हिशोब

हौशी हा शब्द आपल्याकडे नेहमी जरा खालच्या आवाजातच उच्चारला जातो. हौशी नट, हौशी गायक, हौशी फोटोग्राफर... म्हणजे ठीक आहे हो, जमेल तसं करतात बिचारे! गॅदरिंगच्या एकांकिकेत डायलॉग विसरणाऱ्या मित्राला आपण हौशी म्हणून माफ करून टाकतो. व्यावसायिक म्हणजे पक्का आणि हौशी म्हणजे कच्चा, असं आपलं सोपं समीकरण असतं. हे समीकरण ज्याने आयुष्यभर उलटं करून दाखवलं, अशा एका माणसाची ओळख मला या लेखात करून द्यायची आहे. त्याचं नाव रॉबर्ट टायर जोन्स. जग त्याला बॉबी जोन्स म्हणून ओळखतं. खेळ गोल्फ. आणि आमच्या ब्रँचच्या मंडळींनी कॉलर ताठ करावी अशी गोष्ट म्हणजे, हा पठ्ठ्या मेकॅनिकल इंजिनिअर होता!

गोल्फ म्हटलं की आपल्याला हिरवंगार मैदान, पांढऱ्या टोप्या आणि श्रीमंत रिटायर्ड लोक एवढंच आठवतं. म्हणून आधी दोन गोष्टी सांगतो. मैदानात १८ होल असतात. ठरलेल्या जागेवरून बॉल मारत मारत त्या होलमध्ये घालायचा. ज्याला सगळ्यात कमी फटके लागतील तो जिंकला. इतकं साधं. पण खरी गंमत दुसऱ्या गोष्टीत आहे. क्रिकेटमध्ये अंपायरचं बोट वर जाईपर्यंत फलंदाज क्रीज सोडत नाही, आणि बॅटची कड लागली तरी आकाशाकडे बघत उभा राहतो. गोल्फचं मैदान एवढं अवाढव्य असतं की प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक फटक्यावर नजर ठेवायला पंच पुरणारच नाहीत. सोबतचा खेळाडू स्कोअर लिहितो खरा, पण गवतात, झुडपात, उतारावर आपण एकटेच असतो. तिथे काय घडलं ते आपणच सांगायचं. बॉबी जोन्सची सगळी गोष्ट या एका नियमाभोवती फिरते.

बॉबीचा जन्म १७ मार्च १९०२ चा, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहरातला. वडील वकील. लहानपणी पोरगं इतकं अशक्त की पाच वर्षांचं होईपर्यंत धड जेवण पचत नव्हतं. मोकळी हवा मिळावी म्हणून घरच्यांनी उन्हाळ्यात शहराबाहेर ईस्ट लेक इथे मुक्काम हलवला, आणि योगायोगाने ते घर गोल्फच्या मैदानाला लागून होतं. क्लबमध्ये स्टुअर्ट मेडन नावाचा एक स्कॉटिश प्रशिक्षक होता. बॉबीने त्याच्याकडे कधी रीतसर क्लास लावला नाही. तो फक्त त्याच्या मागे मागे हिंडायचा आणि घरी येऊन त्याची हुबेहूब नक्कल करायचा. आपल्याकडची पोरं गल्लीत गावसकर किंवा सचिन होतात ना, तसंच. पुढे ज्या स्विंगचं जगभर कौतुक झालं तो असा बघून बघून उचललेला होता.

सहाव्या वर्षी त्याने पहिली स्पर्धा जिंकली. स्पर्धा कसली, शेजारच्या चार मुलामुलींनी खेळलेले सहा होल! बक्षीस म्हणून बोटभर उंचीचा कप. तो कप उशाशी घेऊन बॉबी झोपला. पण त्या चौघांत अ‍ॅलेक्सा स्टर्लिंग नावाची एक मुलगी होती, आणि त्या दिवशी खरं म्हणजे तीच जिंकली होती असं बॉबीने मोठेपणी जगप्रसिद्ध झाल्यावर स्वतःच्या पुस्तकात लिहून टाकलं. ही अ‍ॅलेक्साही पुढे तीन वेळा अमेरिकेची महिला हौशी विजेती झाली. मला ही गोष्ट फार आवडते. वीस वर्षांपूर्वीच्या पोरखेळातल्या कपाचा हिशोब कोण कशाला ठेवेल? याने ठेवला.

पण तो जन्मतःच संत होता असं कुणी समजू नका. १९१६ मध्ये, वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी तो मेरियन इथल्या राष्ट्रीय हौशी स्पर्धेत उतरला आणि उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला. पेपरवाल्यांनी डोक्यावर घेतलं. मात्र त्याचा स्वभाव भयंकर तापट. फटका चुकला की क्लब फेकून देणार, शिव्या देणार, तणतणत चालू लागणार. १९२१ साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज इथे, म्हणजे गोल्फच्या पंढरीतच, ब्रिटिश ओपनच्या तिसऱ्या फेरीत त्याचा बॉल अकराव्या होलजवळच्या वाळूच्या खड्ड्यात अडकला. बाहेर काही निघेना. साहेबांनी चिडून बॉल उचलला आणि स्पर्धेतून अंग काढून घेतलं. त्याच वर्षी अमेरिकेत त्याने रागाने भिरकावलेला क्लब एका प्रेक्षक बाईंच्या पायाला लागला. संघटनेने पत्र पाठवून तंबी दिली की राग आवरता येत नसेल तर आमच्या स्पर्धांमध्ये येऊ नकोस.

हा धक्का बरोबर जागी बसला. कुठल्या गुरूने कानमंत्र दिला वगैरे काही नाही. पोराने स्वतःशीच लढून राग गिळायला शिकून घेतलं. राग संपला नाही, फक्त बाहेर दिसेनासा झाला. त्याची किंमतही त्याने मोजली. मोठ्या स्पर्धेच्या दिवसांत त्याला अन्न जायचं नाही, आणि चार दिवसांत पाच-सात किलो वजन उतरायचं. टीव्हीवर शांत दिसणाऱ्या खेळाडूंच्या पोटात काय कालवाकालव चाललेली असते, ते आपल्याला कुठे दिसतं?

या सगळ्या काळात त्याचं शिक्षण चालू होतं. १९२२ मध्ये त्याने जॉर्जिया टेकमधून मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. मग हार्वर्डला जाऊन १९२४ मध्ये चक्क इंग्रजी साहित्याची पदवी! हार्वर्डच्या गोल्फ टीममध्ये त्याला खेळता आलं नाही, कारण कॉलेज खेळाडू म्हणून मिळणारी वर्षं जॉर्जिया टेकमध्येच संपली होती. तर हा गडी त्या टीमचा सहायक मॅनेजर झाला. नंतर एमरी विद्यापीठात कायद्याला प्रवेश घेतला, आणि अवघ्या तीन सत्रांनंतर वकिलीची परीक्षा पास होऊन वडिलांच्या फर्ममध्ये रुजू झाला. एका डिग्रीत आपला जीव मेटाकुटीला येतो, आणि इथे तीन-तीन शाखा, वर गोल्फ!

गोल्फमध्ये मात्र पहिली सात वर्षं कोरडी गेली. १९१६ ते १९२२ या काळात तो १० मोठ्या स्पर्धा खेळला, आणि एकही जिंकला नाही. दरवेळी जिंकेल जिंकेल म्हणायचं आणि शेवटी हात हलवत परत. अखेर १९२३ साली न्यूयॉर्कजवळ इनवूड इथे यू. एस. ओपनमध्ये नशीब उघडलं. तेही सरळ नाही. शेवटचे तीन होल खराब खेळून त्याने हातातली आघाडी घालवली, आणि बॉबी क्रुकशँकबरोबर बरोबरी झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा १८ होल. सतरा होल संपले तरी बरोबरी कायम. अठराव्या होलला त्याचा बॉल पडला मैदानाच्या कडेला, आणि पुढे होल आणि बॉल यांच्यामध्ये पाणी. एकवीस वर्षांच्या बॉबीने फारसा विचार न करता लांब पल्ल्याचा क्लब काढला आणि बॉल थेट पाण्यावरून होलपासून काही फुटांवर नेऊन ठेवला. कोंडी फुटली.

इथून पुढचे आकडे ऐका. १९२३ ते १९३० या आठ वर्षांत तो २१ मोठ्या स्पर्धा खेळला आणि त्यातल्या १३ जिंकला. यू. एस. ओपन चार, ब्रिटिश ओपन तीन, अमेरिकन हौशी स्पर्धा पाच आणि ब्रिटिश हौशी स्पर्धा एक. ओपन म्हणजे त्यात व्यावसायिक खेळाडूही असतात, ज्यांचं पोट या खेळावर आहे आणि जे वर्षभर दुसरं काही करत नाहीत. त्यांना हा विद्यार्थी, आणि नंतर वकील, सुट्टी काढून येऊन हरवत होता. एक पैसाही न घेता! १९२७ मध्ये अटलांटामधल्या चाहत्यांनी घर घ्यायला म्हणून त्याला ५०,००० डॉलर जमवून दिले. तेव्हा नुकतं लग्न होऊन दोन-तीन वर्षं झालेली, लहान मूल घरात. पण एवढी भेट हौशीपणाच्या नियमात बसत नाही असा प्रश्न निघाला, आणि त्याने ते पैसे परत केले.

आता त्या एका फटक्याबद्दल. साल १९२५. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर इथे यू. एस. ओपनची पहिली फेरी चालू होती. अकराव्या होलला बॉबीचा बॉल ग्रीनच्या शेजारच्या उतारावर, वाढलेल्या गवतात पडला. फटका मारायला तो उभा राहिला, क्लब गवताला टेकला आणि बॉल किंचित हलला. किती? त्यालाच दिसेल एवढाच. नियम असा की खेळाडूमुळे बॉल हलला तर एक फटका दंड. बॉबीने लगेच सांगितलं की माझा एक फटका वाढवा. सोबत खेळणाऱ्या वॉल्टर हेगनने काही पाहिलं नव्हतं, अधिकाऱ्यांनीही पाहिलं नव्हतं. सगळे त्याची समजूत घालायला लागले. हा हटेना. ७६ चा स्कोअर ७७ झाला.

स्पर्धा संपली तेव्हा बॉबी आणि विली मॅकफार्लेन यांचे फटके समसमान होते, २९१. म्हणजे तो एक फटका नसता तर तिथल्या तिथे बॉबी विजेता! निकालासाठी पुन्हा १८ होल खेळवले, दोघांचेही ७५. पुन्हा १८ खेळवले. मॅकफार्लेन ७२, बॉबी ७३. एका फटक्याने राष्ट्रीय विजेतेपद गेलं.

लोकांनी त्याच्या प्रामाणिकपणाचे गोडवे गायला सुरुवात केली, तेव्हा त्याला त्याचा रागच आला. चोरी केली नाही म्हणून कुणाचा सत्कार करतात का, असा त्याचा साधा मुद्दा होता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपली सबमिशनची रात्र आठवली. ट्यूबलाइटवर काच ठेवून रात्रभर मारलेली शीटची जी.टी., रीडिंगच्या आधी ठरवलेलं उत्तर आणि मग मागून मागून भरलेलं ऑब्झर्व्हेशन टेबल. कोण बघतंय? सगळेच करतात. हे वाक्य आपण सगळे इतक्या सहज म्हणतो की त्याचं काही वाटेनासं झालंय. बॉबीसमोरही हेच वाक्य उभं होतं. फक्त त्याच्या बाजूला देशाचं विजेतेपद होतं आणि आपल्या बाजूला २५ पैकी २१ मार्क.

१९२७ मध्ये सेंट अँड्र्यूजला तो पुन्हा गेला आणि ब्रिटिश ओपन जिंकला. जिथे रागाने बॉल उचलून निघून गेला होता तिथेच. या वेळी त्याने कप अटलांटाला न नेता तिथल्याच क्लबमध्ये ठेवायची विनंती केली. स्कॉटिश माणूस असा सहजासहजी कुणावर भाळत नाही, पण त्या दिवसापासून ते गाव त्याचं झालं.

मग आलं १९३०. त्या वेळी गोल्फमध्ये चार मोठ्या स्पर्धा मानल्या जायच्या : दोन ओपन आणि दोन हौशी, अमेरिका आणि ब्रिटनच्या. एका वर्षात चारही कुणी जिंकल्या नव्हत्या. बॉबीने मे महिन्यात सेंट अँड्र्यूजला ब्रिटिश हौशी स्पर्धा जिंकली, जूनमध्ये हॉयलेकला ब्रिटिश ओपन, आणि जुलैत मिनियापोलिसजवळ इंटरलाकेनला यू. एस. ओपन. त्या दिवसांत तिथे ३८ अंशांच्या आसपास ऊन होतं. घामाने त्याच्या टायची गाठ इतकी घट्ट बसली की ती कापून काढावी लागली. तिथलाच एक फटका अजून सांगितला जातो. तळ्यावरून मारलेला बॉल खाली राहिला, पण चपटा दगड पाण्यावर टप्पे घेत जातो तसा टप्पे घेत पलीकडे पोचला! नशीबही कधी कधी मेहनती माणसाच्या बाजूने पडतं ते असं. सप्टेंबरमध्ये चौथी स्पर्धा मेरियनला, जिथे तो चौदा वर्षांचा असताना पहिल्यांदा उतरला होता. अंतिम सामन्यात त्याने युजीन होमन्सला हरवलं, आणि गर्दीतून त्याला बाहेर काढायला नौसैनिकांचं कडं करावं लागलं. वय २८. आणि त्याच नोव्हेंबरमध्ये त्याने मोठ्या स्पर्धांमधून निवृत्ती जाहीर केली.

अठ्ठाविसाव्या वर्षी निवृत्ती! का? करण्यासारखं सगळं करून झालं होतं, पोटातला तो गोळा आता नको होता, आणि घरी लहान मुलं होती. दुसरंही एक कारण होतं. हॉलिवूडच्या वॉर्नर ब्रदर्ससाठी त्याने गोल्फ शिकवणारे छोटे चित्रपट केले. त्याचे पैसे घ्यायचे तर हौशी म्हणून खेळता येणार नाही, हे त्याला दिसत होतं. म्हणून आधी निवृत्ती, मग पैसे. कुठे लपवाछपवी नाही.

निवृत्तीनंतर त्याच्यातला इंजिनिअर कामाला लागला. १९३० पर्यंत तो हिकरी लाकडाच्या दांड्याचे क्लब वापरत होता. लाकडाचे दोन दांडे कधीच एकसारखे नसतात, त्यामुळे शेकडो क्लब हातात घेऊन, हलवून बघून त्याने आपला संच जमवला होता. स्पॉल्डिंग कंपनीबरोबर त्याने पोलादी दांड्यांचा, एकमेकांशी जुळणारा संच डिझाइन केला. सगळे क्लब हातात सारखेच वाटले पाहिजेत, ही त्यामागची कल्पना. एक किस्सा आवर्जून सांगितला जातो. त्याचे जुने लाकडी क्लब जेव्हा मोजमाप करून तपासले तेव्हा एक सोडून बाकी सगळे एकमेकांशी बरोबर जुळले. आणि तो एक क्लब म्हणजे नेमका ज्याने त्याला कायम त्रास दिला तोच! हाताच्या अंदाजाने एवढं टॉलरन्स? आमच्या वर्कशॉपमध्ये व्हर्निअर लावूनही जमत नाही.

आता लेखाच्या सगळ्यात आवडत्या भागाकडे येतो. बॉबीच्या मनात एक स्वप्न होतं. गर्दीपासून दूर, मित्रांबरोबर निवांत खेळता येईल असं एक मैदान. न्यूयॉर्कचा क्लिफर्ड रॉबर्ट्स हा गुंतवणूक क्षेत्रातला मित्र सोबत आला. जॉर्जियातल्याच ऑगस्टा गावात ३६५ एकरांची एक जुनी रोपवाटिका १९३१ मध्ये मिळाली. म्हणून तर आजही तिथल्या प्रत्येक होलला एकेका झाडाचं किंवा फुलझाडाचं नाव आहे. आराखडा काढला अ‍ॅलिस्टर मॅकेंझीने. हा माणूस मुळात डॉक्टर. बोअर युद्धात शत्रूच्या लपण्याच्या जागा बघून त्याने जमिनीचे चढउतार वापरायचे कसे ते शिकून घेतलं होतं. मॅकेंझी कागदावर रेघा मारायचा आणि बॉबी त्या जागेवर उभा राहून फटके मारून बघायचा. म्हणजे डिझाइन आणि टेस्टिंग सोबतच! वाळूचे खड्डे त्यांनी फक्त वीस-बावीस ठेवले. बाकी परीक्षा जमिनीच्या उतारानेच घ्यायची. काळ महामंदीचा, क्लबला सभासद मिळेनात, मॅकेंझीची पूर्ण फीसुद्धा देता आली नाही. पहिली स्पर्धा होण्याआधीच, जानेवारी १९३४ मध्ये तो गेला.

ती पहिली स्पर्धा मार्च १९३४ मध्ये झाली. नाव साधंच : ऑगस्टा नॅशनल निमंत्रितांची स्पर्धा. रॉबर्ट्सला मास्टर्स हे नाव हवं होतं, पण आपण बोलावलेल्या मंडळींना आपणच उस्ताद म्हणायचं हे बॉबीला फार आढ्यतेचं वाटलं. १९३९ पर्यंत त्याने ते अडवून धरलं. निमंत्रणं गेली ती त्याच्या मित्रांना आणि जुन्या प्रतिस्पर्ध्यांना. यजमान खेळला नाही तर पाहुणे कशाला येतील? म्हणून बॉबी चार वर्षांनी पुन्हा मैदानात उतरला. लोकांना वाटलं की हाच जिंकणार. पण छोटे, नाजूक फटके, जे एके काळी त्याच्या कॅलॅमिटी जेन नावाच्या लाडक्या पटरने डोळे मिटून बसायचे, ते आता बसेनात. हात थरथरायचा. चार फेऱ्यांत ७६, ७४, ७२, ७२. एकूण २९४ आणि तेरावा क्रमांक, तोही विभागून. जिंकला हॉर्टन स्मिथ. त्याला १,५०० डॉलर मिळाले. यजमानाच्या बरोबरीने तेराव्या नंबरवर होता तोच वॉल्टर हेगन, ज्याने १९२५ मध्ये बॉल हललेला पाहिला नव्हता. आणि पाहुण्यांमध्ये विली मॅकफार्लेनही होता, एका फटक्याने विजेतेपद घेऊन गेलेला. त्या दिवशीही तो यजमानाच्या वरच राहिला!

तेरावा क्रमांक हीच बॉबीची या स्पर्धेतली सर्वोत्तम कामगिरी ठरली. तो १२ वेळा खेळला. जगातला सर्वोत्तम गोल्फर आपल्याच मैदानावर, आपल्याच स्पर्धेत दर वर्षी मागे पडत होता आणि पुढच्या वर्षी पुन्हा उतरत होता. एखाद्याने अब्रूला जपून बाजूला खुर्ची टाकली असती. याला अब्रूपेक्षा मित्रांबरोबर खेळायचं होतं. माझ्या मते हौशी या शब्दाचा पुरता अर्थ त्याच्या १३ विजेतेपदांपेक्षा या १२ पराभवांत जास्त स्पष्ट दिसतो.

मध्ये दुसरं महायुद्ध आलं. १९४३ ते १९४५ स्पर्धा बंद, मैदानात गाईगुरं आणि टर्की कोंबड्या सोडलेल्या. चाळिशीतल्या बॉबीला घरी बसता आलं असतं, पण तो सैन्याच्या हवाई दलात गेला आणि जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरला. परतल्यावर पुन्हा स्पर्धा सुरू. १९४८ मध्ये त्याचे ३१५ फटके झाले. पाय नीट पडत नव्हते, मान आणि हात दुखत होते. त्याच ऑगस्टमध्ये ईस्ट लेकला, जिथे बोटभर कप जिंकला होता तिथेच, तो आयुष्यातली शेवटची फेरी खेळला.

पाठीच्या कण्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या. आजाराचं नेमकं नाव कळायला १९५६ उजाडलं : सिरिंगोमायलिया. मज्जारज्जूच्या आत पाण्याने भरलेली पोकळी तयार होते आणि ती आतून दाब देत देत नसा निकामी करते. त्यावर उपाय नव्हता. आधी काठी, मग कुबड्या, मग चाकांची खुर्ची. ज्या हातांच्या लयीची जग नक्कल करायचं त्या हातांना पेन धरवेना. तरी तो ऑफिसला जात राहिला, पत्रांना उत्तरं देत राहिला आणि १९६८ पर्यंत दर एप्रिलला ऑगस्टाच्या स्पर्धेला हजर राहिला. स्वतःच्या दुखण्याचा पाढा त्याने कुणापुढे वाचला नाही. तिथेही त्याचा नियम तोच. बॉल पडेल तिथून खेळायचा.

१९५८ मध्ये सेंट अँड्र्यूजने त्याला नगराचं सन्माननीय नागरिकत्व दिलं. अमेरिकनांमध्ये हा मान त्याआधी फक्त बेंजामिन फ्रँकलिनला मिळाला होता, १७५९ मध्ये. समारंभानंतर तो छोट्या गाडीत बसून सभागृहाबाहेर निघाला तेव्हा गावकऱ्यांनी उभं राहून एक जुनं स्कॉटिश निरोपाचं गाणं म्हटलं. तो पुन्हा येणार नाही हे सगळ्यांना कळत होतं. १८ डिसेंबर १९७१ ला तो गेला. सेंट अँड्र्यूजच्या क्लबवरचा झेंडा अर्ध्यावर आला. तिथला दहावा होल आज त्याच्या नावाचा आहे.

इथे लेख संपवला असता तर छान झालं असतं. पण ज्या माणसाने न दिसलेला फटका मोजला त्याच्याबद्दल लिहिताना आपणही हिशोब पुरता ठेवायला हवा. ऑगस्टाची स्पर्धा मित्रांची होती, पण मित्र कोण होऊ शकतो याला त्या काळच्या जॉर्जियात रंगाची रेघ होती. मैदानावर क्लबच्या पिशव्या उचलणारे कॅडी कृष्णवर्णीय होते, खेळणारे सगळे गोरे. चार्ली सिफर्ड या कृष्णवर्णीय खेळाडूने १९६७ आणि १९६९ मध्ये व्यावसायिक स्पर्धा जिंकल्या, तरी त्याला निमंत्रण गेलं नाही. पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, ली एल्डर, तिथे खेळला १९७५ मध्ये. म्हणजे बॉबी गेल्यावर चार वर्षांनी. क्लबला पहिला कृष्णवर्णीय सभासद मिळायला १९९० उजाडलं आणि पहिल्या महिला सभासद यायला २०१२. गवतातला केसभर हललेला बॉल ज्याच्या नजरेतून सुटला नाही, त्याच्याच दारातली ही रेघ त्याच्या हयातीत पुसली गेली नाही. काळ तसा होता हे खरं. पण कोण बघतंय, सगळेच करतात, हे वाक्य तिथेही होतंच की. हा फटका त्याच्या कार्डावर लिहिलाच पाहिजे, आणि त्याच्याच नियमाने लिहिला पाहिजे.

तरीही मला हा माणूस आपला वाटतो. १९५५ पासून अमेरिकेची गोल्फ संघटना खिलाडू वृत्तीसाठी त्याच्या नावाचा पुरस्कार देते. त्याच्या सगळ्या विक्रमांवर नंतरच्या काळात कुणी ना कुणी मात केली किंवा करेल. जॅक निकलॉसने त्याच्या १३ विजेतेपदांचा आकडा ओलांडलाच. विक्रम म्हणजे मोडायलाच असतात. पण वूस्टरच्या त्या गवतातला एक फटका कुणाला मोडता येणार नाही, कारण तो जिंकण्यासाठी मारलेलाच नव्हता.

मित्रांनो, चार वर्षांनी आपण सगळे व्यावसायिक होऊ. कुणी पूल बांधेल, कुणी बॉयलर तपासेल, कुणी प्रोग्रॅम लिहील. सहीच्या खालचा आकडा खरा आहे की मागून भरलेला, हे बहुतेक वेळा फक्त आपल्यालाच माहीत असेल. तिथे कुठला अंपायर उभा नसणार. तेव्हा आपल्या खात्यावरचा तो एक फटका स्वतःहून वाढवून घेण्याइतके आपण हौशी राहिलो, तर बॉबी जोन्स मेकॅनिकलचा होता हे सांगताना आपली कॉलर खरंच ताठ राहील!